मदत हवी आहे: अक्राणी-अक्कलकुव्यात पाच वर्षांखालची मुलं आज किती, हे कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण तळोद्याहून नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत बालआरोग्याचं काम करतो. पुढच्या वर्षाची आखणी एका आकड्यापाशी अडली आहे: पाच वर्षांखालची मुलं नेमकी किती? भाजकच, म्हणजे ज्याने भागायचं तो एकूण मुलांचा आकडाच, चुकीचा असेल तर कुपोषणाचं प्रमाण चुकतं, लसीकरण कागदावर शंभर टक्क्यांच्या वर जातं, आणि कुठल्या पाड्यावरची लेकरं सुटली हे कुणाला कळतही नाही. हे मला फार खुपतं.

सगळे वापरतात ती रीत म्हणजे २०११ ची जनगणना घ्या आणि जिल्ह्याच्या वाढीच्या दराने पुढे सरकवा. तेव्हा नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि त्याआधीच्या दशकातली वाढ २५.६६ टक्के. पण शहाद्याची बागायती सपाटी आणि सातपुड्यातली अक्राणी यांना एकच दर कसा लावायचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) जिल्ह्याच्या खाली उतरत नाही. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही.

त्याहून मोठी शंका २०११ च्या पायाबद्दलच आहे. ती गणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. त्या सगळ्या काळात जो घरी नव्हता, तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम. आपल्याकडे दिवाळी झाली की टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला जातात, बऱ्याच जणी लहान मुलं बरोबर नेतात, आणि होळीला माणसं घरी येतात. २०११ ची होळी १९ मार्चला होती. म्हणजे गणती उरकली तेव्हा कितीतरी घरं बंद होती. फडावरच्या कोपीत त्यांना कुणी मोजलं असेल की नाही, देव जाणे. नव्या जनगणनेचा संदर्भ दिवसही (ज्या दिवशीची लोकसंख्या धरतात तो) १ मार्च २०२७ आहे आणि तेव्हाही होळी नंतरच येते.

हाताशी काय आहे: अंगणवाडीच्या नोंदवह्या, आशाताईंच्या याद्या, जन्मनोंदणी, मतदारयाद्या. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. कुठला धरू? की सरासरी काढू?

प्रतिसाद १

सरासरी अजिबात नको. प्रत्येक यादी वेगळ्या माणसांना मोजते. मतदारयादी बाजूला ठेवा, तिच्यात मुलं नाहीत.

जन्मनोंदणी वापरा, पण सांभाळून. जन्म जिथे झाला तिथे नोंदतात. अक्राणीतल्या धडगावची बाई नंदुरबारला बाळंत झाली तर जन्म नंदुरबारच्या खात्यात जातो, नवापूरची व्याऱ्याला झाली तर गुजरातेत. मात्र अर्जाच्या सांख्यिकी भागात आईच्या राहत्या गावाची नोंद असते. नावं नकोत, फक्त आईच्या गावानुसार गेल्या पाच वर्षांच्या जन्मांचा तक्ता मागा. त्यातून बालमृत्यू वजा केले की खालची मर्यादा मिळते. घरी झालेली सगळीच बाळंतपणं नोंदलेली नसतात, म्हणून ती खालचीच मर्यादा.

प्रतिसाद २

वरच्या मुद्द्याला पुढे नेतो. सी. चंद्रशेखर आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये नेमक्या याच अडचणीवर रीत मांडली होती, कलकत्त्याजवळच्या सिंगूरची माहिती घेऊन. दोन याद्या नावानिशी जुळवायच्या. समजा एका पाड्यावर अंगणवाडीच्या यादीत ४० मुलं, तुमच्या माणसांनी घरोघर फिरून केलेल्या यादीत ३५, आणि दोन्हींत असलेली २८. ४० गुणिले ३५, भागिले २८, म्हणजे ५०. दोन्ही याद्यांत मिळून नावं ४७, तरी तीन मुलं कुणालाच दिसली नाहीत असा अंदाज निघतो.

मुख्य अट: याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या नसाव्यात. सेविका आणि आशाताई एकाच ओट्यावर बसून वह्या भरत असतील तर दोघींची यादी जुळणारच, आणि डोंगरापलीकडचा पाडा दोघींच्याही वहीत नसणार. म्हणून दुसरी यादी तुमची स्वतःची हवी. सोपे पाडे तेवढे निवडू नका. रस्त्याजवळचे आणि दूरचे वेगळे करून चिठ्ठ्या टाका.

फे-हेरियट पद्धतीबद्दल (१९७९) कुणी सुचवेलच. तिथे लहान भागाचा कच्चा अंदाज इतर भागांच्या आधाराने सावरतात. पण दोन तालुक्यांवर ती चालवण्यात अर्थ नाही. जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, असे खानदेशातले पंचवीसही तालुके सारख्या पाहणीत आले तर बघू.

आणि आकडा एक देऊ नका, दोन द्या: ऑगस्टचा आणि फेब्रुवारीचा. पोषण आहार कुठे पोचवायचा हे महिन्यावर ठरतं. प्रत्येकासोबत किमान-कमालही लिहा, नाहीतर तालुक्याच्या बैठकीत तो दगडावरची रेघ होऊन बसतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन महिन्यांचे दोन आकडे ही गोष्ट आम्हाला सुचलीच नव्हती. जन्मांच्या तक्त्यासाठी अर्ज करतो, आणि जुळणी ऑगस्टमध्ये माणसं घरी असताना घेतो. एक अडचण उरते. चिठ्ठ्या टाकायला पाड्यांची पूर्ण यादी हवी, आणि जनगणनेत फक्त महसुली गावं सापडतात. एकेका गावात डोंगरभर विखुरलेले पाडे आहेत. कुणी अक्राणीतल्या पाड्यांची यादी किंवा नकाशा केला असेल तर कृपया इथेच सांगा.