झेरॉक्स कोणाला म्हणता?

ठेकेदार: परवा इथे फोरमवर अस्सल_आवाज यांनी दोन वाक्यांत निकाल लावला: "सोल गाण्यांची रेगे कव्हरं म्हणजे झेरॉक्स. मूळ मिळत असताना त्यांच्या जुन्या सिंगल्सना पैसे मोजणारे हौशी मूर्ख." नवख्यांसाठी: सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, रेगे जमैकाचं; कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा आपल्या ढंगात गाणं, आणि सिंगल म्हणजे एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड. हा मूर्ख १८ वर्षं त्याच सिंगल्स जमवतोय, तेव्हा जरा लांबण लागणार.

'क्वीन मॅजेस्टी' घ्या. मूळ इम्प्रेशन्स या अमेरिकन सोल गटाचं 'मिन्स्ट्रल अँड क्वीन', कर्टिस मेफिल्डने लिहिलेलं. १९६७मध्ये जमैकातल्या टेक्निक्स गटाने ते निर्माता ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल लेबलसाठी गायलं. बेस पुढे येऊन मांडी ठोकून बसतो, गिटार तेवढ्यापुरती टपली मारून गप्प होते. शब्द जवळपास तेच, पण राणीपुढे उभा राहिलेला तो भाट आता किंग्स्टनच्या गल्लीतला पोरगा वाटतो. पुढे त्याच रिडिमवर, म्हणजे गाण्याखालच्या बेस-ड्रमच्या साथीवर, ठेक्यात बोलणारा जमैकन यू-रॉय आपल्या गाण्यात चिलीम घेऊन थेट बकिंगहॅम पॅलेसात शिरला. झेरॉक्सला अशी पोरंबाळं होतात का हो?

अस्सल_आवाज: उदाहरण सोयीचं निवडलंत. शंभरातली नव्वद कव्हरं काय लायकीची असतात ते तुम्हालाही माहितीये. आणि लेबलं बघा ना! कितीतरी लेबलांवर गीतकाराच्या जागी खुशाल निर्मात्याचं नाव. जमैकात १९९३पर्यंत १९११चा ब्रिटिश कॉपीराइट कायदा, विचारतो कोण. बॉब मार्लीच्या 'वन लव्ह'मध्ये मेफिल्डचं 'पीपल गेट रेडी' १९६५पासून आहे, त्याचं नाव लागलं १९७७ला. आपल्याकडे संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल अमुक' असं छापायचे. उचललं तर सांगायचे तरी.

ठेकेदार: छापायचे, मूळ चीजेचे पहिले दोन शब्द! ती बांधली कोणी, गाऊन दाखवली कोणी, त्याचा पत्ता बहुधा नाहीच. त्याला तुम्ही परंपरा म्हणता आणि जमैकन माणसाने केलं की चोरी.

हॅरोची_मावशी: भांडा. मी १९७४ला लग्न होऊन इथे लंडनच्या हॅरोत आले. शेजारी जमैकन बाई, मधली भिंत पुठ्ठ्याची म्हणावी अशी. ऑक्टोबरअखेर जमैकन केन बूथचं 'एव्हरीथिंग आय ओन' ब्रिटनात पहिल्या नंबरावर गेलं आणि आमच्या वरणाला फोडणी त्याच ठेक्यावर पडायला लागली. गडी 'एव्हरीथिंग'च्या जागी 'एनीथिंग' म्हणतो, नीट ऐका. मूळ गाणं कानावर पडलं १५ वर्षांनी, तेव्हा तेच मला कव्हर वाटलं.

अस्सल_आवाज: मावशी, ते मूळ ब्रेड या अमेरिकन सॉफ्ट-रॉक बँडचं. ब्रेड म्हणजे सोल नव्हे. विषय सोलचा चाललाय.

हॅरोची_मावशी: भिंतीतून ऐकताना जात विचारायची राहिली, बाळा.

चोरबाजारी: सोल-बिल राहू दे, माझं ऐका. 'यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक', बॉब अँड मार्शिया या जमैकन जोडीची सिंगल. 'जमैकन ओरिजिनल, मोठं भोक' म्हणून ऑनलाइन घेतली. कस्टम धरून ९ हजार. सुई टेकवली, तर व्हायोलिनं!! अरे, व्हायोलिनं लंडनमध्ये वरून चढवलेली. १९७०मध्ये ब्रिटनात पाचव्या नंबरापर्यंत गेली ती तीच. किंग्स्टनच्या मूळ रेकॉर्डवर नाहीत. भिंगाखाली पाहिलं तर भोकाच्या कडेला तीन तुटके कोंब. जमैकन सिंगलला मधे मोठं भोक असतं, ब्रिटिशला लहान; मधली चकती मोडून काढली आणि झाली जमैकन!

पावशेर: व्हायोलिनवालीच गोड आहे.

चोरबाजारी: गोड?? अमेरिकन गायिका नीना सिमोनच्या मूळ गाण्यावर साखरेचा पाक ओतलाय. ज्यांना बेस झेपत नाही त्यांच्यासाठी.

पावशेर: तुमची खरी जमैकन ऐकलीये मी, तुमच्याच घरी. कांदाभजी तळल्यासारखी चरचर, त्यात भोक मधोमध नाही, त्यामुळे गाणारा दर फेरीला समुद्रात बोट हलावी तसा हलतो. आणि मोठं भोक भरायला अडॅप्टर म्हणून कोकमच्या बाटलीचं झाकण.

चोरबाजारी: झाकण नीट ३८ मिलिमीटरला घासलेलं आहे. आणि चहा पिताना काही बोलला नाहीत ते.

ठेकेदार: अहो, धागा माझा आहे. व्हायोलिनं आणि झाकणं दुसरीकडे न्या!

अस्सल_आवाज: उलट व्हायोलिनांनी माझाच मुद्दा सिद्ध झाला. इंग्रज गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून पाक चढवतात आणि तुम्ही त्याला कला म्हणता.

ठेकेदार: पाक लंडनच्या कंपनीने चढवला. बॉब अँडी आणि मार्शिया ग्रिफिथ्सचा त्यात काय दोष? एवढाच प्रश्न असेल तर जमैकन ऑल्टन एलिसचं 'यू मेक मी सो व्हेरी हॅपी' ऐका. अमेरिकन सोल गायिका ब्रेंडा हॉलोवेचं मूळ आधी, मग ते. मग या.

अस्सल_आवाज: (दोन तासांनी) ऐकलं. दोनदा. ब्रेंडा हॉलोवे आनंदात आहे. हा माणूस आनंदात आहे असं म्हणतोय आणि आवाज मात्र रडवेला. बरं, हे एक झेरॉक्स नाही. उरलेली ८९ आहेत.

ठेकेदार: आधी नव्वद होती. चला, एक सुटलं.

पावशेर: चोरबाजारी, रविवारी येतो. व्हायोलिनवाली काढून ठेवा. अडॅप्टर मी आणतो.