सरकारी रानात मचाण हंगामभर ठेवावे का, आणि ठेवल्यास चोरीपासून कसे वाचवावे?

मनिस्टीकाठ:
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सला राहतो आणि बॉल्डविनच्या आसपास, मनिस्टी राष्ट्रीय वनात, हरणांच्या शिकारीला जातो. १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाचा आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम सुरू होतो. या काळात सव्वा तास गाडी चालवून जायचे, पहाटेच्या काळोखात मचाण पाठीवर वाहून न्यायचे, आवाज न करता झाडाला बांधायचे आणि अंधार पडल्यावर पुन्हा उतरवायचे, हे नोकरी सांभाळून प्रत्येक वेळी जमत नाही. म्हणून गेल्या वर्षी हँग-ऑन प्रकारचे, म्हणजे पट्ट्याने खोडाला टांगायचे, मचाण मी झाडावरच ठेवले होते. बंदुकीचा हंगाम उघडण्याच्या आदल्या आठवड्यात ते चढायच्या स्टिक्ससकट (खोडाला बांधायचे शिडीचे सुटे तुकडे) नाहीसे झाले आणि बुंध्याशी कापलेला पट्टा तेवढा उरला. यंदा मचाण पुन्हा झाडावर ठेवावे की हा नाद सोडावा? ठेवायचे झाल्यास कुलूप कोणते लावावे आणि जागा कशी निवडावी, याबद्दल अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_सांगलीकर:
कुलपाआधी नियम पाहून घ्या, कारण नियमात न बसणारे मचाण चोराच्या आधी अधिकारीच उतरवून नेतात. मिशिगनमध्ये सार्वजनिक जमिनीवर मचाण, शिडी किंवा चढण्याचे कोणतेही साधन १ सप्टेंबरच्या आधी लावता येत नाही आणि १ मार्चपर्यंत ते काढावेच लागते. मचाण उचलून नेता येण्याजोगे हवे. फळ्या ठोकून केलेला कायमचा माळा चालत नाही. झाडाच्या अंतर्सालीत शिरेल असा खिळा, स्क्रू किंवा खुंटी वापरण्यास मनाई आहे, त्यामुळे कुलूप अडकवण्यासाठी खोडात हुक पिळण्याची कल्पना मनात असेल तर ती सोडून द्या. मालकाचे नाव व पत्ता, किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा अथवा डीएनआरच्या (राज्याच्या निसर्गसंपदा खात्याच्या) स्पोर्टकार्ड या ओळखपत्राचा क्रमांक, जमिनीवरून सहज वाचता येईल असा मचाणावर कायमस्वरूपी लिहिलेला असावा लागतो. मी क्रमांक लिहितो. घराचा पत्ता रानात टांगून ठेवणे मला बरे वाटत नाही, कारण मचाण पाहणाऱ्याला त्या दिवशी घरी कोणी नसल्याचेही कळते.

नाव लिहिल्याने ती जागा आपल्या मालकीची होत नाही, हेही ध्यानात असू द्या. पहाटे पोहोचल्यावर वीस पावलांवर दुसरा कोणी बसलेला दिसला तर तक्रारीला जागा नसते. शेजारच्या राज्यांत जाणार असाल तर तिथले नियम निराळे आहेत. विस्कॉन्सिनमध्ये डीएनआरच्या जमिनीवर मचाण रात्रभर ठेवण्याची मुभा राज्य महामार्ग ६४ च्या उत्तरेला आहे. दक्षिणेला ते रोज उतरवावे लागते.

सुताराचा_नातू:
कुलपाबद्दल मी लिहितो. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेऊन आलेल्या माणसाला कोणतीही साखळी थांबवू शकत नाही. मात्र रानातला बहुतेक चोर तयारी करून आलेला नसतो. तो स्वतःही शिकारीच असतो, खिशात चाकू असतो, आणि पट्टा कापून दोन मिनिटांत काम होत असेल तरच त्याला मोह होतो. म्हणून आपला प्रयत्न चाकूने काम होऊ नये आणि पक्कड अपुरी पडावी एवढाच असावा.

त्यासाठी प्लास्टिकचे वेष्टण असलेली पोलादी केबल घ्यावी, जी कुलपाच्या डोक्यातून ओढून हवी तेवढी घट्ट करता येते. ती नुसती खोडाभोवती न गुंडाळता मचाणाच्या उभ्या दांड्याच्या बंद चौकटीतून ओवून घ्यावी. बसायच्या फळीला किंवा पायाखालच्या जाळीला अडकवलेली केबल व्यर्थ आहे, कारण ते भाग चार बोल्ट सोडवले की वेगळे होतात. जिथे बोल्ट सोडवून केबल निसटू शकते, तिथे टोक ओलांडून जाणारा लांब बोल्ट घालून त्याच्या आट्या हातोडीने चेपाव्यात. मात्र हे स्वतःच्या घरी, मचाण लावण्याआधी करावे. कुलपे एकाच किल्लीने उघडणारी घ्यावीत, नाहीतर काळोखात, हातमोजे घालून, किल्ल्यांच्या जुडग्याशी झटापट होते.

कुलपापेक्षाही मला पटलेला उपाय म्हणजे तळाच्या दोन स्टिक्स प्रत्येक वेळी काढून नेणे. मचाण वर राहते, पण तिथवर पोहोचायला वाट राहत नाही. पंधरा-सोळा फुटांवर टांगलेल्या वस्तूसाठी स्वतःची शिडी घेऊन येणारा चोर विरळाच. काढलेल्या स्टिक्स झाडाजवळच्या झुडपात मात्र लपवू नका. चोराची पावले चोराला ठाऊक असतात आणि तो आधी तिथेच हात घालतो.

उत्तररान:
माझे मत थोडे वेगळे आहे. शे-दीडशे डॉलरच्या वस्तूसाठी चाळीस-पन्नास डॉलरची कुलपे आणि हंगामभराची काळजी, हा हिशेब मला जुळत नाही. मी आता सॅडल वापरतो. कमरेभोवतीचा पट्ट्यांचा झोळा, दोन दोर, पाय टेकवण्यापुरती छोटी फळी आणि हलक्या स्टिक्स, एवढे सगळे एका पाठपिशवीत मावते व संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येते. चोरण्यासारखे काहीच मागे राहत नसल्याने चोरीचा प्रश्न उरत नाही. शिवाय वारा फिरला की झाड बदलता येते, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण बांधून ठेवलेले मचाण माणसाला त्याच जागी बसायची सवय लावते व चार बैठकींत त्या भागातली वयस्क हरिणी वर मान करून पाहू लागते. सॅडलमध्ये आधी जमिनीपासून दोन फुटांवर घरामागे सराव करावा लागतो आणि गुडघे दुखत असतील तर तो त्रासदायक ठरतो, हे मान्य आहे.

मचाण ठेवायचेच असेल तर गाडीतळापासून निदान पाऊण मैल आत जा आणि पायवाटेवरून दिसणारे झाड टाळा. सप्टेंबरात पानांनी झाकलेले मचाण नोव्हेंबरात उघडे पडते, म्हणून झाड निवडताना पानगळीनंतरचे रान डोळ्यांपुढे आणावे. ओकची काही झाडे सुकी पाने हिवाळ्यापर्यंत धरून ठेवतात, आणि सदाहरित हेमलॉक किंवा पाइन शेजारी असेल तर फारच उत्तम. खुणेच्या चकचकीत रिबिनी आणि विजेरीच्या उजेडात चमकणाऱ्या टाचण्या झाडापर्यंत लावत नेणे म्हणजे चोराला वाट आखून देणे आहे.

मनिस्टीकाठ:
सर्वांचे आभार. शिडीचे मचाण जड असल्याने कोणी नेणार नाही असे दुकानदाराने सुचवले होते, त्याबद्दल काय वाटते? तसेच मोबाइलवर चित्रे पाठवणारा ट्रेल कॅमेरा आणि लहान ट्रॅकर लावण्याचाही विचार आहे.

वहाळ:
शिडीचे मचाण तुम्हालाही आत वाहून न्यायचे आहे, म्हणून ते रस्त्याजवळच लावले जाते, आणि रस्त्याजवळ गाडी आणता येत असल्याने चोरालाही ते जड जात नाही. सरकारी रानात मी ते लावणार नाही.

कॅमेरा मचाणावर रोखू नये. मचाणाकडे येणाऱ्या वाटेवर, आठ-दहा फुटांवर, खाली कललेला बांधावा. माणूस चालताना डोळ्यांच्या उंचीवर पाहतो, वर क्वचित. इन्फ्रारेड दिवे ९४० नॅनोमीटरचे घ्या. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांची लालसर झाक अंधारात दिसते आणि मग पहिली चोरी कॅमेऱ्याचीच होते.

ट्रॅकरबद्दल अपेक्षा माफक ठेवा. एअरटॅगसारखा ट्रॅकर जवळपासच्या इतरांच्या फोनद्वारे ठिकाण कळवतो, त्यामुळे निर्मनुष्य रानात तो बहुधा मुका राहतो. वस्तू चोराच्या घरी पोहोचल्यावर मात्र तो बोलू लागतो. अनोळखी ट्रॅकर सोबत आहे अशी सूचना चोराच्या फोनलाही काही वेळाने मिळते, हेही खरे. ठिकाण कळले तरी आपण तिथे जाऊ नये. समोरचा शस्त्रधारी असण्याची शक्यता आहे, तेव्हा माहिती शेरीफ कार्यालयाला द्यावी. त्यासाठी पावती, मचाणाची छायाचित्रे आणि आतल्या बाजूला, रंगाखाली कोरलेली एखादी गुप्त खूण हवी. मिशिगनच्या कायद्यात चोरीचा दर्जा वस्तूच्या किमतीवर ठरतो: २०० डॉलरच्या आत कमाल ९३ दिवसांची कैद, २०० ते १,००० मध्ये एक वर्षापर्यंत आणि त्यापुढे गंभीर गुन्हा. स्टिक्स, पट्टे, कॅमेरा यांच्याही पावत्या जोडल्यास तक्रारीचे वजन वाढते. घराच्या विम्यावर भिस्त ठेवू नका. आधी स्वतः भरायची रक्कमच बहुधा मचाणाच्या किमतीहून जास्त असते.

रेवा_पेन्सिल्व्हेनिया:
दादा, एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही. झाडावर ठेवलेले मचाण चोरीला जाण्यापेक्षा अर्धवट सुटलेले राहणे जास्त घातक असते. चोराचा प्रयत्न फसला तर पट्टा अर्धा कापलेला राहतो, खारी पट्टे कुरतडतात आणि उन्हाने त्यांचा धागा कमजोर होतो. त्यामुळे प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी खालून विजेरीने पट्टे पाहावेत, जमिनीपासून वरपर्यंत हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा पट्टा) दोराला जोडलेला ठेवावा आणि मचाणाशी पोहोचल्यावर वजन टाकण्याआधी ते हाताने दाबून पाहावे. हार्नेसचा दोर मात्र झाडावर न ठेवता घरी न्यावा, कारण तुमचा जीव त्यावर असतो. हंगाम संपल्यावर केबलही काढा. खोड जाड होते आणि घट्ट केबल सालीत रुतते. आमच्याकडे पेन्सिल्व्हेनियात राज्याच्या गेम लँड्सवर (शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवर) पहिल्या हरीण हंगामाच्या दोन आठवडे आधीपासून शेवटच्या हंगामानंतर दोन आठवड्यांपर्यंतच मचाण ठेवता येते, त्यामुळे केबल रुतण्याचा हा प्रश्न आपोआप सुटतो.

मनिस्टीकाठ:
ठरले. यंदा एकच हँग-ऑन मचाण आत, हेमलॉकच्या आडोशाला लावीन, केबल घालीन आणि तळाच्या स्टिक्स घरी आणीन. सॅडलचा सराव उन्हाळ्यात घरामागे सुरू करीन. शेवटची शंका: नोव्हेंबरच्या थंडीत कुलपात बर्फ धरला तर काय करावे?

सुताराचा_नातू:
तेल घालू नका. ते थंडीत घट्ट होते आणि त्याचा वासही राहतो. हंगामाआधी ग्रॅफाइटची पूड फुंकावी, कुलूप किल्लीचे भोक जमिनीकडे येईल असे लटकवावे आणि भोकावर इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी लावावी. तरीही अडकले तर किल्ली काही वेळ काखेत धरून ऊबदार करावी आणि हळूहळू फिरवावी. जोर केल्यास ती आतच मोडते.