'इम्प्लिसिट कन्व्हर्जन'ला मराठीत काय म्हणायचं?

शेवंती:
सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत नोट्स लिहितेय आणि या एका शब्दापाशी दोन दिवस अडलेय. इंट हा फक्त पूर्णांक ठेवणारा टाइप, त्यात ३.७ टाकलं की सी गुपचूप .७ सोडून देते आणि ३ ठेवते, ते. 'गर्भित', 'अंतर्निहित' वगैरे शब्द आहेत पण ते वाचून मुलं परत इंग्रजीकडेच वळणार. आणि टाइपला 'प्रकार' म्हणू की 'जात'?

नदीकाठ:
मी 'अध्याहृत' म्हणेन, शाळेच्या व्याकरणातला शब्द आहे, मुलांनी ऐकलेला असतो. 'जेवलास का?' यात 'तू' अध्याहृत. टाइपला मात्र 'प्रकार'च. शब्दांच्या आठ जाती आपण सगळ्यांनी पाठ केल्यात हे खरं, पण 'या दोघांची जात जुळत नाही' असं वाक्य मुलांसमोर फळ्यावर लिहायला माझा हात धजणार नाही.

पिंपळपान:
अध्याहृत नाही पटत. 'जेवलास का?' मधला 'तू' बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतो, इथे तर लिहिणाऱ्यालाच पत्ता नसतो की काय झालं! आमच्याकडे शीतगृहाच्या कंट्रोलरचा कोड होता, तापमान मर्यादेपेक्षा कमी झालं की कॉम्प्रेसर बंद करायचा. तापमान साधा इंट, मर्यादा अनसाइन्ड इंट, म्हणजे ज्यात उणे संख्या बसतच नाही तो. तापमान उणे १ झालं, मर्यादा ४, तरी कॉम्प्रेसर चालूच. कारण तुलना करायच्या आधी सीने त्या उणे १ ला अनसाइन्ड करून टाकलं आणि त्याचे झाले ४,२९,४९,६७,२९५, मग ते ४ पेक्षा कमी कसे असणार. वॉर्निंगचे पर्याय चालू केलेले नव्हते त्यामुळे कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, तोही गप्प, आणि आम्ही आठवडाभर सेन्सर बदलत बसलो. याला माझा शब्द 'परस्पर'. भावाने परस्पर जमीन विकली म्हणतो ना आपण, तसं, मला न विचारता केलेलं.

शेवंती:
परस्पर फारच आवडला! पण 'परस्पर रूपांतर' असं मथळ्यात दिलं तर 'परस्पर संबंध', 'परस्पर सहकार्य' सारखं वाचलं जाईल, म्हणजे इंटचा डबल (अपूर्णांकी संख्येचा प्रकार) आणि डबलचा इंट, एकमेकांत.

पिंपळपान:
बरोबर, हे लक्षातच आलं नाही माझ्या. नामाला चिकटवू नका मग, क्रियापदाजवळ ठेवा. 'कंपायलर प्रकार परस्पर बदलतो' यात दुसरा अर्थ निघतच नाही. मथळ्याला 'आपोआप होणारं रूपांतर'.

कातळशिल्प:
एक सांगतो, कंपाइल करतानाची तपासणी आणि हे परस्पर बदलणं या दोन गोष्टी नोट्समध्ये वेगळ्या ठेवा, लोक फार गल्लत करतात. पायथनमध्ये '५' या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षर म्हणून लिहिलेल्या ५ मध्ये, १ हा आकडा मिळवायला गेलं तर ती परस्पर काही बदलत नाही, सरळ टाइपएरर देते, पण देते प्रोग्राम चालू असताना त्या ओळीपाशी पोचल्यावर. सी उलटी, कंपाइल करताना प्रकार तपासते आणि तरी परस्पर बदलते. जावास्क्रिप्ट तर चालता चालता बदलते, '५' अधिक १ चं '५१' आणि '५' उणे १ चं ४. गो या भाषेत इंट आणि इंट६४ या दोन पूर्णांकी प्रकारांची व्हेरिएबल्ससुद्धा न सांगता मिळवता येत नाहीत.
इम्प्लिसिटच्या उलट ते एक्सप्लिसिट, त्याला 'सांगून केलेलं' म्हणा, पण 'सुरक्षित' म्हणू नका. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात फुटलं, त्यात ६४ बिटांच्या अपूर्णांकी संख्येचं १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर केलं होतं आणि आकडा मावला नाही. ती भाषा एडा, तिथे असं रूपांतर सांगूनच करावं लागतं.

शेवंती:
हे उदाहरण घेतेच. आता जावा इंटमध्ये ३.७ टाकू देत नाही, 'लॉसी कन्व्हर्जन' म्हणून कंपाइल करतानाच अडवते, त्या लॉसीला काय?

नदीकाठ:
'घट'. जुना दागिना मोडीत देताना सोनार घट धरतो ना, तीच. 'डबलचा इंट करताना घट येऊ शकते.'