टूरिंग बाइकला रडारवाला क्रूझ कंट्रोल: पैसे घालावेत का? (सातारा)

संगम_माहुली
नमस्कार मंडळी. सध्या ६५० सीसीची दोन सिलिंडरची बाइक चालवतो, गाडीबद्दल तक्रार नाही. पण मुलगी बेंगळुरूला नोकरीला लागल्यापासून तिकडच्या फेऱ्या वाढल्यात, आणि आमच्या मंडळींनाही (बायकोला) मागे बसून यायचं असतं. हुबळी सोडली की सरळ रस्त्यावर उजवा हात भरून येतो, करंगळीकडची दोन बोटं बधिर होतात. म्हणून पुढच्या गाडीला क्रूझ, म्हणजे मूठ पिळून न धरता लावलेला वेग आपोआप धरणारी सोय, हवाच, हे ठरलंय.

बजेट १५ लाख. त्यात पासिंग, इन्शुरन्स, बॉक्स सगळं आलं. वर एक रुपया नाही, घराचे हप्ते चालू आहेत.

दोन गाड्या डोळ्यासमोर आहेत. एक नवी कोरी मिडलवेट (मधल्या आकाराची), साध्या क्रूझची. दुसरी पुण्यातल्या ओळखीच्या माणसाची सेकंड हँड मोठी टूरर, पुढे आणि मागे रडार असलेली, म्हणजे ॲडॅप्टिव्ह क्रूझ, पुढच्या वाहनाप्रमाणे वेग कमीजास्त करणारा. मॉडेल लिहीत नाही, मालक इथे वाचत असतो. दोन्ही बजेटात बसतात. आपल्या रस्त्यावर हे ॲडॅप्टिव्ह खरंच वापरलं जातं का? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगावं, ही विनंती.

घाटवाट_वाई
पहिलं म्हणजे १५ मध्ये अडकू नका. मी जर्मन १३०० सीसीची बाइक घेतली, रस्त्यावर येईपर्यंत २५ लाखांच्या पुढे गेली, पण एकदाच घ्यायची तर मनासारखी घ्यावी. खंबाटकी चढताना चढ आहे हे कळतसुद्धा नाही. लेहलाही हीच घेऊन गेलो. रडार व्हेरियंटप्रमाणे मिळतं, माझ्या गाडीत नाही, आणि कधी अडलंही नाही. सेकंड हँडच्या वाटेला मात्र जाऊ नका.

मलकापूर_३९०
१५ लाख कशाला घालवता दादा? केटीएमच्या ३९० ॲडव्हेंचरच्या २०२५ च्या मॉडेलला क्रूझ आलाय. त्या पैशात गाडी, बॉक्स, रायडिंग गिअर आणि वहिनींना घेऊन भूतानची ट्रिप, सगळं होतंय. मी चालवतोय, लई भारी गाडी. आता तर हिरोच्या ग्लॅमर एक्स १२५ ला पण क्रूझ दिलाय, म्हणजे ही काय श्रीमंतांची चैन राहिली नाही.

घाटवाट_वाई
३९० वर दोघं आणि तीन बॉक्स घेऊन बेंगळुरू? एकदा करून बघा आणि मग बोलू.

मलकापूर_३९०
केलंय की. बायको, सामान, सगळं घेऊन. कराडातनं पहाटे निघालो आणि दिवस मावळायच्या आत पोचलो.

कृष्णाकाठ (सांगली)
मी वापरलंय, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे रडारवाली होती. पाठीच्या दुखण्यामुळे विकली, गाडीची काही तक्रार नव्हती.

दुचाकीवर हे आलं २०२० च्या शेवटी, डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ वर. पाठोपाठ २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूची आर १२५० आरटी आणि केटीएमची १२९० सुपर ॲडव्हेंचर आल्या. तिन्हींमधलं रडार बॉश या जर्मन कंपनीचं. काम असं चालतं: तुम्ही ८० लावले आणि पुढे ६५ ने ट्रक आडवा आला, तर गाडी आधी थ्रॉटल कमी करते, पुरेना तर हलका ब्रेक स्वतः लावते. करकचून ब्रेक ती लावत नाही, ते तुमचंच काम. वळणात गाडी कलली की वेगही जपून वाढवते. किती अंतर ठेवायचं ते बटणावर कमीजास्त करता येतं. माझ्या गाडीत ३० च्या खाली वेग गेला की सगळं सुटायचं, त्यामुळे टोलनाक्याच्या रांगेत उपयोग शून्य.

आता आपला रस्ता. ८० च्या वेगाला दोन सेकंदांचं अंतर म्हणजे ४४ मीटर. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाची डायव्हर्जन चालू असताना पुढे ४४ मीटर मोकळे कोण सोडतंय? डावीकडून कार घुसते, गाडी मागे सरते, तोवर दुसरी घुसते. दर वेळी मागच्या माणसाचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर टकाटक. अशा ठिकाणी मी सरळ साध्या क्रूझवर टाकायचो, तशी सोय त्यात असते.

अजून एक. अतीतजवळ एका एसटीमागे ६० ने चाललो होतो, गाडीने अंतर अगदी नीट धरलं होतं. एसटी थांब्यासाठी सर्व्हिस रोडला वळली. समोर मोकळं दिसताच गाडीने आपणहून ८० कडे ओढ घेतली, आणि नेमकं त्याच वेळी एसटी गाठायला दोघं जण डिव्हायडरवरून खाली उतरत होते. ब्रेकला बोट लागलं की क्रूझ सुटतो, तसा सुटला. पण बोट ब्रेकवरच हवं.

निपाणीच्या पुढे मात्र चित्र बदलतं. तिकडे मोकळ्या रस्त्यावर ट्रकच्या मागे येऊन वेग कमी करा, ट्रक गेला की परत वाढवा, ही सारखी मनगटाची कसरत संपते. संध्याकाळी उतरल्यावर डोकं शांत असतं, याचं मोल मी कमी धरत नाही.

पाटण_रायडर
कृष्णाकाठ, भारी लिहिलंय. पण मुख्य फायदा राहिलाच की. रात्री काशीळ-उंब्रजच्या पट्ट्यात बिनलाइटची उसाची ट्रॉली उभी असती, ती आपल्याला दिसत न्हाई, रडारला अंधारातबी दिसती. एवढ्यासाठी तरी रडार पायजेच.

कृष्णाकाठ (सांगली)
थांबा, हे असं समजून कुणी गाडी घेऊ नका, जीव जाईल. या क्रूझचा हिशेब चालत्या वाहनांशी असतो. मुळात उभ्या असलेल्या गोष्टीसाठी तो ब्रेक लावत नाही, कंपन्यांनीच तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. कारण साधं आहे: रस्त्याकडेची पाटी, लोखंडी रेलिंग, वरचा पूल, सगळ्यांवरून रडारची लाट परत येते. प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर आपण गाडीवरून खाली. म्हणून उभं ते सोडायचं आणि हलतं ते धरायचं, असं ते सॉफ्टवेअर चालतं. चालत्या ट्रॉलीमागे वेग कमी होईल. पंक्चर होऊन उभ्या असलेल्या ट्रॉलीवर गाडी आहे त्याच वेगाने जाईल.

बॉशने २०२४ मध्ये आपत्कालीन ब्रेकला मदत करणारी आणि ग्रुपमध्ये तिरक्या रांगेत चालताना अंतर धरणारी पुढची आवृत्ती जाहीर केली. जुन्या गाडीत ती असणार नाही.

पाटण_रायडर
हे ठावं नव्हतं. मग नुसत्या क्रूझवर सुद्धा रात्री चालवू नये.

उसाचा_फड
प्रत्येक धाग्यात ट्रॉलीवाल्यांना शिव्या ठरलेल्याच का? आमच्या दोन ट्रॉल्या आहेत. हंगाम सुरू व्हायच्या आधी मागं रिफ्लेक्टरची पट्टी आम्ही स्वतः लावतो. उसाची टोकं खाली लोंबली की पट्टी झाकती, म्हणून मी पोरांना सांगून ठेवलंय, भरल्यावर मागनं बघायचं आणि लोंबतंय ते कोयत्यानं छाटायचं. एवढं केल्यावर कारखान्यात नंबर लागायला अख्खी रात्र जाती, त्याचं कुणी लिहीत नाही.

घाटवाट_वाई
पट्टी लावता त्याबद्दल धन्यवाद. पण चाकामागे लावलेले दगड? ट्रॉली निघून जाते आणि ते डोक्याएवढे दगड लेनमध्ये तसेच राहतात. पहाटे ते कुठल्या रडारला दिसणार?

उसाचा_फड
हे खरं आहे. दगड उचलून ट्रॉलीतच टाकायचा, हे टोळीला सांगायलाच पाहिजे. आम्ही सांगतो, पण सगळे सांगत नाहीत.

मनगट_डॉक्टर (मिरज)
गाडीचं तुमचं चालू द्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर अल्नर नर्व्हवर दाब येतोय, तळहाताच्या बाहेरच्या कडेला किंवा कोपराशी. अंगठ्याकडची बोटं असती तर वेगळी नस. क्रूझने मुठीवरची पकड सैल करता येते, त्यामुळे आराम पडतो, मग क्रूझ साधा असो की रडारचा. पण आधी हँडलबार किती खाली आहे ते बघा, अंगाचा भार हातांवर येतोय का तपासा, पॅडचे ग्लोव्ह्ज वापरून पाहा आणि दर तासाला थांबा. गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल तर दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

जुना_टू_स्ट्रोक
थ्रॉटल लॉक, म्हणजे ॲक्सिलरेटरची मूठ आहे तिथेच धरून ठेवणारा खटका बसवा, काही शेकड्यात येतो. माझं काम त्यावरच भागलंय. १५ लाख वाचले.

घाटवाट_वाई
आणि ब्रेक मारला तर? खऱ्या क्रूझमध्ये ब्रेक किंवा क्लचला हात लागला की थ्रॉटल सुटतो. लॉकमध्ये तो उघडाच राहतो, मूठ स्वतः उलटी फिरवावी लागते. घाबरलेला माणूस आधी मूठ आवळतो. कृपा करून असले सल्ले देऊ नका.

जुना_टू_स्ट्रोक
सवयीचा प्रश्न आहे. मला कधी त्रास झाला नाही.

विश्रामबागची_रायडर
सगळे पुढच्या रडारवरच बोलताय, मागच्याचं कुणी नावच घेत नाही. चौपदरी महामार्गावर बाइकची मर्यादा ८० आहे. आपण ८० ने नीट चाललो की मागून १२० ची एसयूव्ही अंगावर येते. मी सांगली ते पुणे एकटी जाते-येते, भीती वाटते ती मागच्यांची. मैत्रिणीच्या गाडीला मागचं रडार आहे. आरशाच्या कोपऱ्यात न दिसणारी कार शेजारी आली की आरशातला पिवळा दिवा लागतो, आणि तिकडचं इंडिकेटर दिलं की तो लुकलुकायला लागतो. मी ती गाडी पेठ नाक्यापासून कऱ्हाडपर्यंत चालवली. परत माझ्या गाडीवर बसले तेव्हा तो दिवा नाही याची चुटपुट लागली. अर्थात मान वळवून बघायचं ते बघायचंच.

रडारवाली घ्यायची तर त्या दिव्यासाठी घ्या.

मलकापूर_३९०
८० ची मर्यादा पाळतं कोण?

विश्रामबागची_रायडर
मी पाळते. आणि ज्यांना ई-चलन घरपोच आलंय ते सगळे पाळतात.

खिंडवाडी_गॅरेज
मी मेकॅनिक आहे, मोठ्या गाड्या करत नाही, पण एका गिऱ्हाइकाचं सांगतो. उभ्या उभ्या गाडी पडली, पुढचं प्लास्टिक तडकलं. रडारचं ब्रॅकेट जरासं वाकलं असावं, वरून दिसत नव्हतं. क्रूझ लागेचना. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला टेम्पोतनं नेली, ते म्हणाले रडारचा कोन परत जुळवावा लागेल, आणि गाडी आठवडाभर पडून राहिली. शिवाय पावसाळ्यात कासच्या रस्त्याला पुढच्या ट्रकचा चिखल उडून रडारवर बसला की स्क्रीनवर सूचना येती आणि क्रूझ बंद. फडकं जवळ ठेवा. सेकंड हँड घेताना दोन गोष्टी बघा: पुढच्या पॅनलवर दुरुस्तीची खूण आहे का, आणि क्रॅश गार्ड किंवा जादा दिवे रडारच्या आड आलेत का. आणि महामार्गावर चालवून, क्रूझ लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सह्याद्री_७७
कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. खरा मोकळा, बंदिस्त रस्ता म्हणजे पुणे-मुंबई एक्सप्रेसवे किंवा समृद्धी, आणि दोन्हीकडे दुचाकीला बंदी. मग ॲडॅप्टिव्ह लावायचा कुठं? साधा क्रूझ पुरेसा आहे. नवी मिडलवेट घ्या, वॉरंटी मिळते.

घाटवाट_वाई
+१. वर मी म्हटलंच होतं, सेकंड हँड नको.

पाटण_रायडर
मलाबी आता नवीच बरी वाटती.

संगम_माहुली
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, पुढच्या आठवड्यात मिरजेला येऊन हात दाखवतोय.

निर्णय झाला. काल पुण्याला जाऊन सेकंड हँड रडारवाली पक्की केली, टोकन दिलं. बहुमत उलटं आहे हे माहीत आहे, पण माझा हिशेब सांगतो. माझे बहुतेक किलोमीटर निपाणीच्या पुढचे आहेत, आणि कृष्णाकाठ म्हणतात तसं तिथेच ते चालतं. सातारा ते कागल मी साधा क्रूझसुद्धा लावणार नाही. रात्री लावायचा प्रश्नच नाही, ट्रॉलीबद्दल वाचून ते पक्कं झालं. आणि विश्रामबागच्या ताई म्हणतात तो आरशातला दिवा मंडळींनी मागे बसून स्वतः बघितला. कात्रजच्या नवीन बोगद्याअलीकडे एक टँकर डाव्या अंगाला येऊन चिकटला, दिवा लागला, आणि त्या मागून म्हणाल्या, "हीच घ्या." वॉरंटी संपलेली आहे, त्यासाठी दीड लाख बाजूला ठेवलेत.

खिंडवाडी दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं बघितलं, पॅनल मूळचंच आहे. एकच शंका: मालकाने मागची नंबर प्लेट उंच सरकवून बसवलीय, मागच्या रडारच्या अगदी जवळ. चालेल का?

खिंडवाडी_गॅरेज
नको. मूळच्या जागी खाली घ्या, वर लोखंडी पत्रा येता कामा नये. ट्रायल घेताना दिवा लागला म्हणता, पण बॉक्स लावल्यावर परत तपासा. बॉक्सचा स्टँड पण आड येतो कधी कधी.

मलकापूर_३९०
अभिनंदन दादा. ६५० विकणार असाल तर किंमत सांगा, भावाला पाहिजे.