मदत हवी आहे: की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅट, म्हणजे सूर अर्ध्या स्वराने चढवणारी-उतरवणारी चिन्हं) बदलताना नॅचरल (ती रद्द करणारं चिन्ह) छापायचे की नाही?

वाद्यवृंदाची एक रचना छपाईसाठी तयार करतोय. मधे ए मेजर स्केलवरून जी मेजरवर जायचंय, म्हणजे 3 शार्पचा 1 शार्प होतो. जुन्या प्रतींत अशा ठिकाणी आधी सी आणि जी वर नॅचरल देऊन जुने शार्प रद्द करतात, मग नवी सिग्नेचर. हल्ली बहुतेक जण दुहेरी बारलाइननंतर (दोन उभ्या रेघांनंतर) थेट नवी सिग्नेचर छापतात. सी मेजर किंवा ए मायनरला मात्र नॅचरल द्यावेच लागतात, नाहीतर बदल दिसणार कसा? मला नवी पद्धत आवडते, पान मोकळं राहतं. पण घाईत वाचणारा सी शार्पच वाजवत राहिला तर?

खरी गोची पुढे आहे. नंतर ई फ्लॅट मेजरवरून बी फ्लॅट मेजर येतं. बासरीला 3 चे 2 फ्लॅट, नॅचरल नाही. बी फ्लॅट क्लॅरिनेटचे सूर एक पूर्ण स्वर वर लिहितात, त्यामुळे त्याला मात्र 1 फ्लॅट जाऊन काहीच उरत नाही, म्हणून तिथे नॅचरल. एकाच स्कोअरमध्ये हे विसंगत दिसतं का? की सगळीकडे जुनी पद्धत ठेवू?

आणि बदल ओळीच्या सुरुवातीला आला, तर आधीच्या ओळीच्या शेवटी सूचनेची सिग्नेचर देतोच. तिथेही नॅचरल छापता का?