मधल्या दर्जाचं थीम पार्क रिसॉर्ट: दोन्ही घरचा पाहुणा उपाशी?

पायपीट (धागा सुरू करणारी):

गेल्या महिन्यात एका मोठ्या थीम पार्कच्या स्वतःच्या रिसॉर्टमध्ये आम्ही चार रात्री राहिलो. आम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची मुलं, आणि सासूबाई. पार्कची हॉटेलं तीन दर्जांची होती. स्वस्तात पाच जणांची अडचण झाली असती आणि महागडं परवडणारं नव्हतं, म्हणून मधलं घेतलं. परत आल्यावर माझं ठाम मत झालंय की म्हातारं माणूस आणि लहान मूल सोबत असेल तर मधल्या दर्जाच्या वाटेला जाऊ नये. एक तर सरळ स्वस्त घ्यावं, नाहीतर आणखी एक वर्ष पैसे साठवून पार्कच्या दाराशी राहावं.

खोलीबद्दल तक्रार नाही. स्वच्छ होती, पलंग चांगले होते, मुलं भिंतीवरची चित्रं बघून नाचली. पण खोलीपासून बसथांबा बारा मिनिटांवर. रिसॉर्ट एका लांबलचक बागेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं, आणि बस बाहेर पडण्याआधी आतच चार ठिकाणी थांबायची. रात्री पार्क बंद झाल्यावर थांब्यावर रांग, मग बस, मग धाकटीला खांद्यावर घेऊन पुन्हा तीच बारा मिनिटं. दुपारी परत येऊन मुलांना झोपवायचं ठरवलं होतं. ते एकदाच जमलं. धाकटी बसमध्ये झोपली, उतरताना उठवली, खोलीत पोचेपर्यंत रडून लाल झाली आणि मग झोपलीच नाही.

सासूबाईंचा गुडघा दुखरा आहे. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी फक्त म्हणाल्या, "तुम्ही जा गं, मी खोलीतच बसते." नातवंडांचे चेहरे बघायला मिळावेत म्हणून त्या आल्या होत्या. ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

घरी आल्यावर बाकीच्या पार्कांचं काय आहे ते बघितलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये पार्कपर्यंत नेणाऱ्या मोनोरेलच्या मार्गावर हॉटेलं तीनच, आणि तिन्ही सर्वांत वरच्या दर्जाची. ठरावीक रात्री पार्क जास्त वेळ उघडा ठेवतात, तोही फक्त वरच्या दर्जाच्या पाहुण्यांसाठी. सकाळी अर्धा तास आधी प्रवेश मात्र सगळ्यांना सारखाच, सर्वांत स्वस्त हॉटेलवाल्यालाही. फ्लोरिडातल्याच युनिव्हर्सल ऑरलँडो या दुसऱ्या पार्कमध्ये रांग चुकवणारा एक्स्प्रेस पास खोलीसोबत मिळतो तो पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या वरच्या दर्जाच्या हॉटेलांत. शेजारचं सफायर फॉल्स एक पायरी खाली, तिथे तो मिळत नाही. मग मधल्याला नेमकं मिळतं काय? रंगवलेल्या भिंती?

दोघांचा बाबा:

अजिबात सहमत नाही. मधल्याला मिळते ती झोप.

तुम्ही डिस्ने वर्ल्डचं उदाहरण घेतलंत म्हणून तेच पुढे नेतो. तिथल्या स्वस्त दर्जाची साधी खोली साधारण २६० चौरस फुटांची, मधल्याची ३१४. आकडा किरकोळ वाटतो. पण पॉप सेंच्युरी या तिथल्या स्वस्त हॉटेलाच्या खोल्या नव्यानं केल्या तेव्हा दुसरा पलंग भिंतीतून खाली ओढायचा केला. दिवसा त्या जागी टेबल असतं. आठ वाजता मुलाला झोपवलं की टेबल गेलं, बसायची जागा गेली, आणि मोठी माणसं अंधारात पलंगाच्या कडेवर. आम्ही एका ठिकाणी हे भोगलंय. चौथ्या रात्री बायको न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून फोन वाचत होती.

पुढच्या वेळी मधलं घेतलं. दोन मोठे पलंग कायमचे, खिडकीशी खुर्ची, बाहेर व्हरांडा. मुलं झोपली की आम्ही दोघं बाहेर बसायचो. आठ वर्षांत आम्ही दोघं सलग तासभर बोललो असू तर तिथेच. तेव्हा रंगवलेल्या भिंतींना पैसे दिले असं मला कोणी म्हणू नये.

आणि दुपारी परत येणं जमलं नाही म्हणता, तर आम्ही ते रोज केलं. मात्र मूल पेंगायच्या आधी निघायचो, साडेअकरालाच. पेंगल्यावर निघालं की तुमच्यासारखंच होणार.

नकाशा आधी:

दोघंही दर्जावर भांडताय. दर्जा किमतीचा असतो, अंतराचा नव्हे.

डिस्ने वर्ल्डमध्येच बघा. २०१९ च्या सप्टेंबरात स्कायलायनर नावाचा रोपवे सुरू झाला. त्याचं एक स्थानक पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन यांच्या मधोमध आहे, आणि हे दोन्ही पत्ते स्वस्त दर्जाचे. उलट कोरोनाडो स्प्रिंग्ज आणि पोर्ट ऑर्लिन्स मधल्या दर्जाचे, पण तिथून पार्कला जायचं तर बस. मधल्यातलंच कॅरिबियन बीच घ्या, स्कायलायनरच्या मार्गिका तिथेच एकत्र येतात. म्हणजे एकाच दर्जाच्या दोन हॉटेलांत जमीन-अस्मानाचा फरक. डिस्नेलँड पॅरिसला तर न्यूपोर्ट बे आणि सेक्वोया लॉजमधून माणूस तलावाच्या कडेनं पार्कपर्यंत चालत जातो.

पायपीटताई, तुमचं दुःख खरं आहे, पण ते नकाशा न बघता खोली घेतल्याचं आहे.

पायपीट:

नकाशा बघितला होता. त्यात रिसॉर्ट पार्कला चिकटून दिसत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. रिसॉर्टचं एक टोक पार्कला चिकटून होतं, आमची खोली दुसऱ्या टोकाला. खोली कुठल्या इमारतीत मिळणार हे तिथे पोचेपर्यंत कोणी सांगितलं नाही. ते मी कुठल्या नकाशात बघायला हवं होतं?

फ्रंट डेस्कवरून:

अशाच एका मधल्या दर्जाच्या रिसॉर्टमध्ये मी सात वर्षं काम केलं. नाव लिहीत नाही. या प्रश्नाचं उत्तर मला देता येईल.

ही मधल्या दर्जाची रिसॉर्टं इतकी पसरलेली का असतात ते आधी सांगतो. दोन-तीन मजल्यांच्या इमारती, खोलीचं दार थेट बाहेरच्या गॅलरीत उघडणारं, आतले लांब बोळ नाहीत. असं बांधकाम उंच इमारतीपेक्षा स्वस्त पडतं, पण जमीन खूप खातं. कॅरिबियन बीच १९८८ साली उघडलं तेव्हा २,११२ खोल्या होत्या, त्याही तलावाभोवती लहान लहान वस्त्या करून. एवढ्या खोल्या बुटक्या इमारतींत बसवायच्या म्हटल्यावर कोणाची तरी खोली लांब जाणारच. मोकळी हवा, झाडं, शांतता जिथून येते तिथूनच ती बारा मिनिटंही येतात. आणि जुन्या दोन मजली इमारतींत बऱ्याचदा लिफ्ट नसते, हे पाहुण्यांना दारात उभं राहिल्यावर कळतं. मला सर्वांत वाईट तेव्हा वाटायचं.

आता खोलीवाटप. आमच्याकडे ते पाहुणा येण्याच्या दोन-चार दिवस आधी व्हायचं. एक माणूस पडद्यासमोर बसून शेकडो आरक्षणं इमारतींत बसवतो. त्याच्यासमोर तुमच्या विनंतीची एक ओळ असते. "वरचा मजला, बागेचं दृश्य, पोहण्याच्या तलावाजवळ पण शांत, बहिणीच्या खोलीशेजारी" असं लिहिलं की त्यातलं काय महत्त्वाचं ते त्याला कळत नाही, आणि गर्दीच्या दिवसांत तो पुढे सरकतो. "तळमजला, बसथांब्याजवळ, सोबत गुडघ्याचा त्रास असलेल्या आजी" एवढंच लिहिलं तर आम्ही जीव तोडून जमवायचो. शंभर टक्के हमी कोणी देत नाही. पण रात्री नऊला काउंटरवर येऊन सांगितलं तर माझ्या हातात बदलायला काहीच उरलेलं नसायचं. तोवर रिकाम्या खोल्या संपलेल्या असायच्या.

आणखी एक. शेजारच्या खोल्या आणि आतून दार असलेल्या जोडखोल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या कुटुंबांनी "शेजारी" मागितलं तर "शेजारी"च मिळतं, आणि मग रात्री पोरं बाहेरच्या गॅलरीतून ये-जा करतात.

पायपीटताई, तुमची चूक नाही. हे सगळं आरक्षण करतानाच विचारायला हवं, आणि ते विचारायचं काम हॉटेलचं आहे, असं मी तिथे असतानाही म्हणत होतो.

बाहेरच राहा:

कुंपणाच्या आतच कशाला राहायचं? आम्ही सहा जण होतो. पार्कबाहेर दोन झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलं. मुलं एका खोलीत, म्हातारी माणसं दुसऱ्यात, कपडे धुवायचं यंत्र घरातच.

"आत" या शब्दाची भुरळ कुठून आली तेही बघा. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेंकडे हॉटेल बांधायला पैसे उरले नव्हते. डिस्नेलँड हॉटेल बांधलं जॅक रॅदर यांनी, आणि आजूबाजूला दुसऱ्यांच्या मोटेलांची रांग लागली. आजही तिथल्या काही मोटेलांतून पार्कच्या दाराशी चालत जाता येतं. फ्लोरिडात त्यांनी तो अनुभव लक्षात ठेवला आणि १०० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन घेतली. त्यामुळे तिथे कुंपणाच्या आत राहूनही बसमध्ये वीस मिनिटं जाऊ शकतात. "आत" म्हणजे "जवळ" नव्हे.

शिवाय ज्या सोयींसाठी आपण आत राहतो त्या कधीही जातात. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांसाठी विमानतळावरून फुकट बस होती, २००५ पासून. २०२२ च्या सुरुवातीला बंद. अशा सोयीच्या भरवशावर हॉटेल निवडणं मला पटत नाही.

दोघांचा बाबा:

बाहेरच्या घरात राहून मीही बघितलंय. सकाळी गाडी काढा, पार्किंगची रांग लावा, रात्री थकलेल्या माणसानं गाडी चालवा. आणि स्वयंपाकघर आहे म्हटलं की स्वयंपाक कोण करतं? सुट्टीतही घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतो. मला ते नको.

बाहेरच राहा:

आमच्याकडे सकाळचा नाश्ता मी आणि मेव्हणा करायचो. ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे तो.

साठी ओलांडलेली आजी:

मी सहसा लिहीत नाही, पण सासूबाईंचं वाचून राहवलं नाही.

मीही अशीच लेकीच्या कुटुंबाबरोबर मधल्या दर्जाच्या रिसॉर्टमध्ये राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी पार्कात अर्धाच दिवस जायची. लेक रोज अपराधी चेहरा करून निघायची आणि मला तेवढंच वाईट वाटायचं. बाकी मी मजेत होते. खोलीबाहेर तळं होतं, भोवती सावलीतली वाट, दर पन्नास पावलांवर बाक. बदकं होती. एक माळी रोज त्याच वेळी यायचा, त्याच्याशी ओळख झाली. संध्याकाळी नातू धावत येऊन दिवसभराचं सगळं सांगायचा. पार्कात असते तर त्यानं मला काय सांगितलं असतं? मीही तिथेच घामाघूम उभी असते ना.

त्याआधी एकदा स्वस्तातल्या हॉटेलात राहिलो होतो. तिथे खोलीबाहेर गाड्यांचा तळ आणि पोहण्याच्या तलावावरचा कर्णा. राईडवर बसणाऱ्यांना त्यानं फरक पडत नाही, ती रात्री फक्त झोपायला येतात. ज्यांना राईड झेपत नाही त्यांचा अर्धा दिवस हॉटेलातच जातो, मग त्यांच्यासाठी तेच पार्क. म्हणून मधला दर्जा कोणासाठी असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, माझ्यासाठी.

तुम्ही सासूबाईंना विचारलंत का, त्यांना वाईट वाटलं का ते?

नकाशा आधी:

आजी, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी सगळं अंतर पार्कच्या दारापर्यंतच मोजत होतो. न येणाऱ्या माणसाला खोलीपासून बाक किती लांब, खायची जागा किती लांब, हे मी कधी बघितलंच नाही.

पायपीट:

आज दुपारी विचारलं.

त्या म्हणाल्या की खोलीत राहण्याचं वाईट वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या बागेत जाऊन बसल्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. त्यांना त्रास झाला तो दोन गोष्टींचा. पहिल्या दिवशी भर दुपारी बसथांब्यावर उभं राहावं लागलं, कारण बाक दोनच आणि ते भरलेले. आणि आम्ही किती वाजता परत येणार ते आम्ही सांगून गेलो नव्हतो. खायची जागा लांब, आपण तिकडे जावं आणि नेमकी मुलं तेव्हाच यावीत, या विचारानं त्या अडीच वाजेपर्यंत उपाशी बसून राहिल्या. हे ऐकून मला रडू आलं.

तर आजी, मधला दर्जा कुणाच्याच कामाचा नाही हे माझं म्हणणं मी मागे घेते. बाग नसती तर त्यांचा तो दिवस चार भिंतींतच गेला असता. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. खोली दाखवताना पलंगांचे आकार सांगतात, चौरस फूट सांगतात, तसंच त्या इमारतीपासून बसथांबा आणि खायची जागा किती मिनिटांवर आहे आणि लिफ्ट आहे की नाही हेही पैसे भरण्याआधी सांगायला हवं. त्यांच्याकडे ही माहिती असते.

दोघांचा बाबा, तुमचं साडेअकराचं गणित मात्र मला अजून पटलेलं नाही. सकाळी अर्धा तास आधी आत शिरून साडेअकराला निघायचं, तर नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येतं काय? तो त्याच दोन राईडसाठी वर्षभर दिवस मोजत होता.

दोघांचा बाबा:

मोठ्याला घेऊन मी थांबायचो, धाकट्याला घेऊन ती परत जायची. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. चौघांनी सगळा दिवस एकत्रच घालवायचा हा हट्ट आम्ही पहिल्याच फेरीत सोडला. आणि हो, पुढच्या वर्षीही आम्ही मधलंच घेतोय. तळमजला आणि थांब्याजवळ, एवढी एकच ओळ लिहून.

फ्रंट डेस्कवरून:

लिहिल्यावर आठवडाभर आधी एकदा फोनही करा, आणि ती ओळ त्यांना दिसतेय का ते वाचून दाखवायला सांगा. आरक्षण दुसऱ्या कोणामार्फत केलं असेल तर अनेकदा ती आमच्यापर्यंत पोचायचीच नाही.