गालिच्यावरचा रक्ताचा डाग वाळल्यावर पुन्हा वर येतो, काय करावं?

घरनिगा:
फिक्या क्रीम रंगाच्या गालिच्यावर तळहाताएवढा रक्ताचा डाग पडला आहे. ताजा असतानाच गार पाण्याने टिपून घेतला, तेव्हा पूर्ण गेल्यासारखा वाटला. वाळल्यावर त्याच जागी तपकिरी छटा उमटली. पुन्हा पुसला, पुन्हा तेच. लेबल निघून गेलंय, त्यामुळे धागा लोकरीचा की कृत्रिम ते कळत नाही. बरेच जण हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवतात, पण रंग उडायची भीती वाटते. नेमकं कुठून सुरू करू?

ताणाबाणा:
वरच्या लवेतलं रक्त निघालं आहे, पण बुडाशी आणि मागच्या कापडात मुरलेलं तसंच आहे. गालिचा वाळताना पाणी वरच्या टोकांतून उडतं आणि दिव्याची वात तेल ओढते तसं खालचं रंगीत पाणी धाग्यांतून वर चढतं. म्हणून नुसतं वरून पुसत राहिलात तर हे चालूच राहील.

आधी धागा ओळखा. कडेच्या मागच्या बाजूने एक-दोन तंतू ओढून काढा, चिमट्यात धरून वॉशबेसिनवर पेटवा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिस्टरसारखा कृत्रिम धागा. जळक्या कागदाचा वास आला तर सुती किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला रेशमासारखा धागा). व्हिस्कोस असेल तर घरी पुढे जाऊ नका. ओला झाला की हा धागा कमजोर पडतो, लव बसते ती पुन्हा उभी राहत नाही.

बाकी कुठल्याही गालिच्यासाठी पहिली फेरी सारखीच:
250 मिली गार पाण्यात एक छोटा चमचा (5 मिली) भांडी घासायचं लिक्विड. त्यात ब्लीच नको. ओल्या पांढऱ्या कपड्याने डागाच्या काठांपासून मध्याकडे दाबत या. घासलं तर लव पिंजते आणि डाग पसरतो. जुना डाग असल्यामुळे द्रावण बुडापर्यंत पोचायला हवं, पण तळहाताएवढ्या जागेला दोन-तीन मोठे चमचे पुरेत. दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या टॉवेलवर शरीराचं वजन टाकून ओल ओढून घ्या. ओलं ओढणारा व्हॅक्युम क्लीनर असेल तर फारच उत्तम. नंतर साध्या गार पाण्याने दोन-तीन वेळा तसंच करा, फेस यायचा थांबेपर्यंत. साबण राहिला तर तिथे धूळ चिकटते आणि महिन्याभरात नवाच काळसर डाग दिसतो.

आता खरी महत्त्वाची पायरी. जागा ओलसर असतानाच चार-पाच पदरी पांढरा टॉवेल ठेवा, वर प्लास्टिक, त्यावर जड पुस्तकं, आणि रात्रभर सोडा. जे वर चढायचं ते टॉवेलमध्ये चढतं. सकाळी टॉवेलवर तपकिरी ठसा दिसला तर खाली अजून माल आहे, पुन्हा एक फेरी करा. मग पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर किंवा वाफेचं यंत्र अजिबात नको, उष्णतेने रक्तातली प्रथिनं गोठून धाग्याला धरून बसतात.

प्रयोगवही:
पेरॉक्साइडबद्दल थोडं. औषधाच्या दुकानातलं 3 टक्के घ्या, केस रंगवण्याचं तीव्र द्रावण नको. रक्तातलं कॅटलेज हे एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून फेस येतो. फेस थांबला म्हणजे डाग गेला असं नाही. रंग घालवण्याचं काम त्यानंतरही चालू राहतं, आणि तेच गालिच्याच्या रंगालाही लागू आहे. म्हणून कपाटाखालच्या कोपऱ्यात थेंब टाका, दहा मिनिटांनी पांढऱ्या कपड्याने दाबा, वाळू द्या, मगच ठरवा.

एन्झाइमवाला क्लीनर कृत्रिम धाग्यावर उत्तम, मात्र जागा पंधरा ते तीस मिनिटं ओली राहिली पाहिजे, वाळली की काम थांबतं. लोकर-रेशमावर तो वापरू नका. रक्त तोडणारं प्रोटीएज धाग्यालाही तोडतं, कारण लोकर आणि रेशीम हीही प्रथिनंच.

क्लोरीन ब्लीच कुठेच नको. लोकर त्यात विरघळते. आणि अमोनियासोबत तर कधीच नाही, विषारी वायू होतो. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एकत्र करू नका.

घरनिगा:
तंतू जाळून पाहिला. जळक्या केसांचा वास, राख चुरली. म्हणजे लोकर. मागची बाजू तागासारखी खरबरीत आहे, त्याने काही फरक पडतो का?

ताणाबाणा:
पडतो, बरं झालं विचारलंत. ताग जास्त भिजला की स्वतःच पिवळट-तपकिरी रंग सोडतो, आणि तो रक्तासारखाच वाळताना वर येतो. ओळखायचं असं: रक्ताचा रंग मूळ डागाच्या जागीच राहतो, तागाचा जिथपर्यंत ओल गेली तिथपर्यंत पसरतो, कडेला गडद. शंका असेल तर ओला पांढरा कपडा दाबून ठसा घ्या आणि त्या ठशावर, गालिच्यावर नव्हे, पेरॉक्साइडचा थेंब टाका. फसफसला तर बहुधा रक्तच.

तागाचा रंग असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, हलका फवारा आणि लगेच टिपणं. रक्त असेल तर वरचीच साबणाची फेरी, पण लोकरीसाठीचं सौम्य, अल्कली नसलेलं लिक्विड घ्या आणि पाणी आणखी कमी. दोन फेऱ्यांनंतरही छटा राहिली तर पेरॉक्साइड कापसाच्या बोळ्याने फक्त टोकांना लावा, पाच मिनिटांत गार पाण्याने टिपून काढा. फवारा नको, तागापर्यंत पोचता कामा नये.

प्रयोगवही:
आणि रक्त दुसऱ्या कुणाचं असेल तर प्रत्येक फेरीला रबरी हातमोजे घाला.